मंगळवारचा रकाना

जळकोट, ता. तुळजापूर
२१ जुलै २०२५

तीर्थरूप गोरोबा मामा,

भाचीचा नमस्कार. तुमच्या सूनबाई म्हणाल्या की आता दोन्ही कान गेले, फोनवर नुसती घरघर ऐकू येते. वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. फोनवर तुम्ही "काय? काय?" करून माझा मुद्दा नेहमी बुडवता. कागदावर तसं पळता येणार नाही.

मुद्दा असा. गेलं दीड वर्ष मी शेअर बाजारात ऑप्शन विकते, हे तुम्हाला उडत उडत ठाऊक आहे. ते काय असतं हे सांगायला गेले की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. बाजार आज फार वर जाईल या भीतीनं कुणी एक चिठ्ठी विकत घेतो, फार खाली पडेल या भीतीनं दुसरा कुणी दुसरी घेतो. मी दोघांनाही चिठ्ठ्या विकते. सकाळी साडेनऊला विकते, दुपारी सव्वातीनला सौदा मोडते, रात्रीचं काही शिल्लक ठेवत नाही. बाजार वर जावो की खाली, मला त्याचं सोयरसुतक नाही. तो फक्त मधल्या पट्ट्यात राहिला की चिठ्ठ्यांचे पैसे माझे. सोलापूरच्या क्लासात याला 'मार्केट न्यूट्रल' म्हणतात.

शिकवण्या घेऊन साठवलेले तीन लाख मी यात घातले. जानेवारी २०२४ पासून आजवर तीनशे सहा दिवस काम केलं. दोनशे एकेचाळीस दिवस नफा, पासष्ट दिवस तोटा. दलाली, कर, इंटरनेट, सगळं वजा जाता एक लाख आठ हजार सुटले. हेच पैसे बँकेत ठेवले असते तर बत्तीस हजार मिळाले असते. महिन्यामहिन्याचा तक्ता सोबत आहे.

आता खरं काम सांगते. रस्ता रुंद झाला त्यात आमचा जो पट्टा गेला, त्याची भरपाई सासूबाईंच्या नावावर आली आहे. एकेचाळीस लाख. माझे दीर दिग्विजय, नळदुर्गला ढाबा चालवतात ते, म्हणतात की सगळी रक्कम वैनींच्या हाती द्या. सासूबाई मथुराबाई कुणाचं ऐकत नाहीत, पण तुमचं ऐकतात. "गोरोबानं तेहेतीस वर्षं पाऊस मोजलाय, त्यो आकड्याला फसणार न्हाय," असं त्या म्हणाल्या. दसऱ्याला निर्णय आहे.

तर तक्ता तपासा आणि खाली सही करा. बारा वर्षं या घरात मी पोळ्या लाटते आहे, मामा. पहिल्यांदा कुणी माझ्या डोक्यावर पैसे लावायला तयार झालंय. ही संधी मी सोडणार नाही.

तुमची,
राजेश्वरी


तामलवाडी
२९ जुलै २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तक्ता मिळाला. नापास.

रागावण्याआधी पुढचं वाच. तू चिठ्ठ्या विकतेस म्हणजे विमा विकतेस. विमा विकणाऱ्याची चार सालं फार छान जातात, हप्ते येत राहतात. पाचव्या साली गारपीट होते तेव्हा कळतं की हा धंदा होता, का नुसती सालं चांगली होती. तुझ्या तक्त्यात गारपीट दिसत नाही. एक तर ती झाली नाही, नाहीतर तुझ्या तक्त्यानं ती पाहिली नाही. दोन्हीत फरक आहे.

दुसरं म्हणजे महिन्याच्या बेरजा मला नकोत. एका वर्षी मी साडेतीनशे मिलिमीटर पाऊस मोजला, एका वर्षी अकराशे. सरासरी सातशेच्या वर निघते आणि साहेब खूश होतात. त्या सरासरीएवढा पाऊस मी सगळ्या नोकरीत दोनदाच पाहिला.

तुला एक गंमत सांगतो. महसूल मंडळाच्या कचेरीच्या आवारात मी मोजायचो ते पर्जन्यमापक होतं, तिथं माझ्या आधी एक कारकून होता. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा, एवढंच काम. हा गडी शनिवारी संध्याकाळची शेवटची एसटी धरून गावी जायचा आणि सोमवारी सकाळी परतायचा. दोन दिवसांचं पाणी एकाच बाटलीत साठलेलं असायचं. ते सगळं तो सोमवारच्या रकान्यात लिहायचा आणि रविवारी शून्य मांडायचा. पुढं जिल्ह्याहून एक साहेब आले, त्यांनी वह्या चाळल्या आणि अहवाल लिहिला की या भागात रविवारी पाऊस पडत नाही, सोमवारी मात्र जोराचा पडतो! वहीत एकही आकडा खोटा नव्हता बघ, पाणी खरंच तेवढं पडलं होतं. तरी वही खोटी होती.

म्हणून मला रोजची नोंद पाठव, तारीख आणि वार घालून. सर्वात वाईट दिवस कोणता, सर्वात चांगला कोणता, आणि मधे पैसे कुठवर खाली गेले होते, तेही लिही. मी तेहेतीस वर्षं एक दिवस न चुकता आकडा लिहिला आहे. न पाहिलेल्या दिवसांवर सही करणार नाही.

गोरोबा


जळकोट
५ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

चार वह्या पोस्टानं पाठवते आहे. तीनशे सहा दिवस, तारीख, वार, विकल्याची वेळ, मोडल्याची वेळ, सगळं आहे. आज मंगळवार, म्हणून एवढं बसून लिहायला वेळ मिळाला.

पण मनातलं बोलून टाकते. भावजींचा ढाबा दोन वर्षं तोट्यात आहे. त्यांनी नवं फ्रीज घेतलं तेव्हा तक्ता कुणी मागितला नाही. माझे यजमान शिवराज वीज मंडळात आहेत, त्यांनी दोन म्हशी घेतल्या, दोन्ही भाकड निघाल्या. त्यांना कुणी वह्या मागितल्या नाहीत. मी एक लाख कमावून दाखवले आणि मला मात्र वार घालून नोंद पाठवायची! मी बाई आहे म्हणून, का जळकोटची आहे म्हणून? पुण्याच्या कुठल्या टायवाल्यानं हाच तक्ता आणला असता तर तुम्ही चष्मा पुसून सही केली असती.

तुमचा तो कारकून आळशी होता. मी नाही. ताप होता तेव्हासुद्धा मी साडेनऊला बसले आहे.

सर्वात वाईट दिवस नऊ हजार दोनशेचा, सर्वात चांगला अकरा हजार चारशेचा. पैसे एकदाच एकवीस हजारांनी खाली गेले होते, सहा आठवड्यांत वर आले. तपासा हवं तेवढं. काही सापडणार नाही.

राजेश्वरी


तामलवाडी
१९ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वरी,

आधी हे सांगतो की टायवाल्याच्या तोंडावर मी तक्ता फेकला असता. तुझ्या वह्या मी दहा दिवस उशाशी ठेवल्या, तेवढा मान मी साहेबांच्या वह्यांनाही दिला नाही. अक्षर सुरेख आहे. खाडाखोड आहे तिथं सही आहे. आळशी नाहीस, हे मान्य.

आता ऐक. मी एका मोठ्या कागदावर पाच रकाने पाडले, सोमवार ते शुक्रवार. तुझा एकेक दिवस त्यात भरत गेलो. सोमवार भरला, बुधवार भरला, गुरुवार आणि शुक्रवार भरले. मंगळवारचा रकाना कोरा राहिला. दीड वर्षात एकही मंगळवार नाही.

मला वाटलं माझी नजर गेली, म्हणून सूनबाईला वाचायला लावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मामंजी, त्यांच्या घरात मंगळवारी पैशाचा व्यवहार न्हाय. मथुराबाईंचा देवीचा उपास असतो." खरं आहे का?

मग तुझा सर्वात चांगला दिवस पाहिला. बुधवार, ५ जून २०२४. त्या दिवशी चिठ्ठ्यांना एवढा भाव का आला होता? लोक कशाला घाबरले होते? आदल्या दिवशी काय झालं होतं? आदला दिवस मंगळवार होता.

आणखी एक. तुझ्या एक लाख आठ हजारांतले एकाहत्तर हजार एकट्या गुरुवारांनी दिले आहेत. त्या दिवशी चिठ्ठ्यांची मुदत संपते आणि त्यांचा भाव भराभर वितळतो, हे तूच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंस. मी पेपर वाचतो, बाई. एक सप्टेंबरपासून मुदत संपायचा वार गुरुवार राहणार नाही, मंगळवार होणार आहे. ही गोष्ट तुला जूनपासून ठाऊक असणार. मला का लिहिली नाहीस?

काम सांगतो. हीच पद्धत, हीच वेळ, हाच स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरल्या मर्यादेला पोचला की सौदा मोडायचा तुझा नियम, धरून सगळे मंगळवार मांड. जुने भाव मिळतात असं ऐकतो. मग बेरीज पाठव.

गोरोबा


जळकोट
३ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

मांडणार नाही.

हो, सासूबाईंचा मंगळवार असतो. मी खातं उघडलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, मंगळवारी पैका अडकलेला नको. मी ती पाळली. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुणी शनिवारी दाढी करत नाही, मी मंगळवारी सौदा करत नाही. जो दिवस मी खेळलेच नाही, त्याचा तोटा माझ्या नावावर का मांडायचा? मग न खणलेल्या विहिरीत पडून मेल्याचीही नोंद करा.

वार बदलणार हे मला ठाऊक होतं. लिहिलं नाही, कारण तुम्ही त्याचं भांडवल कराल हेही ठाऊक होतं. काल पहिला मंगळवार झाला. मी घरात गवार निवडत बसले आणि बाजारात चिठ्ठ्या वितळत राहिल्या.

इथली गोष्ट पुढं गेली आहे. भावजींनी भावकीत सांगून टाकलं. नऊ घरं तयार आहेत. कुणी दोन लाख, कुणी पाच. गल्लीतून जाते तेव्हा म्हातारी माणसं हाक मारून बसवतात आणि चहा पाजतात. दिग्विजय भावजी, ज्यांनी बारा वर्षांत मला कधी खुर्ची दिली नाही, ते परवा उठून उभे राहिले. मामा, तुम्हाला कळणार नाही ते काय असतं.

वह्या परत पाठवा. सही नको.

राजेश्वरी


तामलवाडी
१२ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्वरी,

वह्या परत पाठवत आहे. मंगळवारचा कोरा कागदही त्यात घातला आहे. खुर्ची तुला मिळायलाच हवी होती, बारा वर्षांपूर्वीच. पण ही खुर्ची कुणाच्या पैशावर उभी आहे, एवढं बघून बस.

भांडण हवं तेवढं कर. बेरीजही कर.

गोरोबा


जळकोट
२६ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

केली.

वह्यांचं पार्सल आलं त्या दिवशी रागानं तुमचा कोरा कागद चुलीपाशी नेला होता. मग वाटलं, तुम्हाला खोटं पाडायचं तर आकड्यानंच पाडावं. नऊ दिवस लागले. शिकवणीची मुलं गेली की खोलीत बसायचे आणि एकेक मंगळवार मांडायचे. पहिले वीस नफ्याचे निघाले तेव्हा तुम्हाला झणझणीत पत्र लिहायचं मनात ठरवूनही टाकलं होतं.

पुढं ४ जून २०२४ आला. निवडणुकीचा निकाल. त्या दिवशी मी सासूबाईंबरोबर तुळजापूरला ओटी भरायला गेले होते. रांगेत लोक मोबाईल बघून ओरडत होते आणि मी नारळ सांभाळत उभी होते. बाजार तिकडं कोसळत होता. मी घरी असते, मंगळवार नसता, तर साडेनऊला नेहमीसारखी दोन्ही चिठ्ठ्या विकून बसले असते. स्टॉपलॉस धरूनच मांडलं आहे. बाजार पायऱ्या सोडून उड्या मारत उतरला, त्यामुळं स्टॉपलॉस जिथं लावला तिथं लागलाच नसता. एका दिवसात एकोणऐंशी हजार गेले असते.

बाकीच्या सगळ्या मंगळवारांनी मिळून चौदा हजार दिले. म्हणजे एक लाख आठ हजारांचे राहिले त्रेचाळीस. बँक बत्तीस देत होती. दीड वर्ष, तीनशे सहा दिवस, तापात, पाळीत, पाहुणे असताना मी त्या खोलीत बसले, ते अकरा हजारांसाठी. आणि पैसे एकवीस हजारांनीच खाली गेले होते, असं मी तुम्हाला ठसक्यात लिहिलं होतं.

मग मी एक गणित केलं, तुम्ही सांगितलं नव्हतं तेही. तीन लाखांवर एकोणऐंशी हजार, तर एकेचाळीस लाखांवर किती? जवळजवळ अकरा लाख. सासूबाईंचे अकरा लाख, एका दुपारी. भावकीची नऊ घरं वेगळीच.

मामा, मला तुमचा राग येतो आहे. तुम्ही बरोबर होता त्याचा तर जास्तच. पण एक सांगून ठेवते. मी हे गुपचूप मिटवणार नाही. तब्येतीचं कारण सांगून, मुलांच्या शाळेचं कारण सांगून अंग काढून घेणं सोपं आहे. शिवराजही तेच म्हणाले. मी दसऱ्याला सगळ्यांसमोर दोन्ही बेरजा वाचणार आहे. ज्या तोंडानं एक लाख आठ हजार सांगितले, त्याच तोंडानं.

राजेश्वरी


जळकोट
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

दसरा झाला. सोनं लुटून झाल्यावर भावकी आमच्या ओसरीवर जमली. धोंडीबा काका मधे बसले होते. माझे ते चुलतसासरे, आणि भावकीत शब्द त्यांचा चालतो. भावजींनी एक नवी वही आणली होती. पहिल्या पानावर हळदकुंकू लावून वर 'श्री' लिहिला होता आणि खाली नावं. पहिलं नाव सासूबाईंचं.

मी म्हटलं, "वही मिटा. आधी माझा कागद ऐका."

वाचला. पहिली बेरीज वाचली तेव्हा माना हलल्या. मंगळवार वाचले तेव्हा कुणाला काही कळेना. मग मी अकरा लाखांचा आकडा सांगितला.

भावजी तडकले. "वैनी, आवं जे झालंच न्हाय त्याचा हिशेब कशाला सांगता? तुमचा तोटा झालाय का? न्हाय ना? मग!"

"झाला नाही, कारण त्या दिवशी मी रांगेत उभी होते. माझ्या अकलेनं वाचले असते तर पैसे घेतले असते."

"म्हंजे आता एकट्यानंच खायचं ठरलं तुमचं. आमाला शिकवायला नगो, द्यायला नगो."

माझं डोकं फिरलं. मी घरात जाऊन चारही वह्या आणल्या आणि त्यांच्या पुढ्यात टाकल्या. "घ्या. यात काही झाकलेलं नाही. उद्या सकाळी साडेनऊला या, शेजारी बसवून शिकवते. माझं काम पाहिजे त्यानं न्यावं. माझा तोटा मात्र मी कुणाला देणार नाही. आणि मला खुर्ची देऊन तो कुणी मागूही नये."

धोंडीबा काकांनी तंबाखू थुंकून विचारलं, "मग पोरी, तू सवता कशाला खेळतीस गं? सोडून दे की."

"सोडणार नाही, काका. पद्धत खोटी ठरलेली नाही, अजून खरीही ठरलेली नाही. माझ्या पैशानं मी बघणार."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. मला वाटलं त्या पैशाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "देवीनं राखलं तुला. त्ये तू असं कागदावर मांडून दाखिवतीस? राखलं त्ये काय खोटं व्हय?"

"खोटं नाही, आत्याबाई. तुमच्या मंगळवारानंच राखलं. पण ते हिशेबात लिहायचं राहिलं होतं. मी ती माझी हुशारी म्हणून सांगत फिरले."

त्या उठल्या, भावजींच्या वहीतलं पहिलं पान फाडलं आणि घडी करून कनवटीला लावलं. "माझा पैका बँकेत जाईल. आन हिच्या तीन लाखाला कुनी हात लावायचा न्हाय. म्या बी न्हाय."

इथं संपलं असतं तर मी सुनेसारखी पाया पडून आत गेले असते. पण नाही संपवलं. मी म्हटलं, "आत्याबाई, आणखी एक. आता मुदत मंगळवारी संपते. मंगळवार सोडून या पद्धतीचं काहीच कळणार नाही. मी येत्या मंगळवारपासून बसणार. फक्त एक लॉट, म्हणजे लहानात लहान सौदा. घरात नाही बसणार, शिकवणीच्या खोलीत बसेन."

"माझ्या जित्याजी?"

"तुमच्या देखत."

त्या आत निघून गेल्या. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. भावजी तर मुळीच नाहीत, आणि खुर्चीही गेली. गल्लीत चहा बंद. पण मामा, मी मान वर करून चालते आहे. उद्या मंगळवार.

राजेश्वरी


जळकोट
१४ जानेवारी २०२६

ती. मामा,

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायचं मात्र नंतर बघू.

तीन महिन्यांत तुमचं एक अक्षर नाही. सूनबाई म्हणतात, तुम्ही जुन्या ट्रंका उपसत बसता. मी विचारत नाही. माझी नवी वही सोबत आहे, फक्त मंगळवारांची. दिवाळी सोडून चौदा मंगळवार झाले. दहा नफ्याचे, चार तोट्याचे. खर्च वजा जाता तीन हजार एकशे चाळीसचा तोटा आहे. तो मी पहिल्या पानावर, वरच्या ओळीत, लाल शाईनं लिहिला आहे. चौदा दिवसांवर काही ठरत नाही हे तुम्ही सांगण्याआधी मीच लिहिते. शंभर मंगळवार मांडेन, मग बोलेन. तोवर बँकेच्या पुढं गेले नाही तर दुकान बंद करेन, आणि तेही ओसरीवर सांगून.

दिवाळीनंतर एका मंगळवारी सासूबाई संध्याकाळी उपास सोडायला बसल्या आणि भाकरीचं ताट पुढं ओढत भिंतीकडं बघून म्हणाल्या, "आज काय झालं?" मी म्हटलं, "नऊशे गेले." त्या म्हणाल्या, "ल्ही मग." तेव्हापासून दर मंगळवारी विचारतात. नफा असला तर काही बोलत नाहीत. तोटा असला की मी लिहीपर्यंत ताटाला हात लावत नाहीत.

काल विचारलं, "तुझ्या मामानं काय कळवलं?" काय सांगू त्यांना?

राजेश्वरी


तामलवाडी
२१ जानेवारी २०२६

चि. राजेश्वरीस,

वही तपासली. चूक सापडली नाही. शेवटच्या पानावर सही केली आहे. तू मागितली होतीस त्या तक्त्यावर नाही, या तोट्याच्या वहीवर. मथुराबाईंना दाखव.

तीन महिने लिहिलं नाही, कारण तुझं दसऱ्याचं पत्र वाचल्यावर मला लिहिण्याचं तोंड उरलं नव्हतं. आता लिहितो.

तो शनिवारची एसटी धरून जाणारा कारकून माझ्या आधी कुणी नव्हता. तो मीच. नोकरीला लागलो तेव्हा तुझी सिताबाई मामी इथं तामलवाडीत एकटी होती, पहिलं बाळंतपण अवघड गेलं होतं, घरात करणारं कुणी नव्हतं. शनिवारी येऊन तिचं पाणी भरायचो, सरपण फोडायचो, सोमवारी पहाटे निघायचो. बाटलीत जे असेल ते सोमवारी लिहायचो. तसं चार वर्षं चाललं. साहेबांचा तो अहवाल आला तेव्हा मी समोर उभा होतो. साहेब म्हणाले, गोरोबा, निरीक्षण चांगलं आहे तुमचं. मी "होय साहेब" म्हणालो.

तेव्हापासून ही गोष्ट मी दुसऱ्या कारकुनाची म्हणून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. मामी गेली तेव्हाही सांगितलं नाही. तुला कोरा रकाना दाखवताना माझा हात जरा जास्तच जोरात आपटला, तो का, ते आता तुझ्या ध्यानात येईल.

मी तेहेतीस वर्षं पाऊस मोजला नाही. एकोणतीस वर्षं मोजला. दप्तरातल्या वह्यांची नक्कल ट्रंकेत होती, ती काढली आहे. त्या चार वर्षांतले दोनशे आठ सोमवार लाल शाईनं गोल करून ठेवले आहेत आणि प्रत्येकाखाली लिहिलं आहे, 'दोन दिवसांचे पाणी, गोरोबा.' मंडळाच्या कार्यालयात द्यायला पुढच्या आठवड्यात गुरुवारी जातो आहे. सूनबाई म्हणते, या वयात कशाला, हसतील. हसू देत.

निघायच्या आधी कुणीतरी तपासून खाली सही करायला हवी. मंगळवारी तुझा बाजार असतो, म्हणून बुधवारी ये.

तुझा मामा,
गोरोबा